ड्रमचा आवाज

फोटोत भरतेशच्या खांद्यावर एक हात होता आणि तो माझा नव्हता. मंगळवारी सकाळी अकराच्या चहाला मी मोबाईल उघडला, तेव्हाची ही गोष्ट. कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या पंपाच्या कारखान्यात अकराला दहा मिनिटं सगळी मशिनं थांबतात, आणि तेवढा आवाज एकदम बंद झाला की कान उगाच मोकळे पडतात. घरच्या ग्रुपवर रूपालीनं, म्हणजे माझ्या भावजयीनं, फोटो टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'उंब्रजला, हार्वेस्टर बघायला.' भरतेश, माझा धाकटा भाऊ, एका पिवळ्या मशिनच्या सीटवर बसून हसत होता. त्याचं ते हसणं मला पाठ आहे, आधी डोळे मिटतात आणि मग दात दिसतात. शेजारी पायरीवर एक सावळा, मिशीवाला, साधारण माझ्याच वयाचा गडी. त्याचा हात नुसता खांद्यावर टेकलेला नव्हता, चांगला गळ्यापर्यंत पोचला होता. ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे टाकले होते, मिरजेच्या आत्यांनी तर फुलंही टाकली होती. मी काहीच टाकलं नाही. चहावर धरलेली साय बोटानं काढली आणि शेजारच्याला म्हटलं, "आज चहा कडू केलाय." तो म्हणाला, "रोजचाच आहे, साहेब."

आता यात रागावण्यासारखं काय, असं कोणीही म्हणेल. भावानं मशिन बघायला जाऊ नये का? जावं की! पण मी काय करतो हे या घराला माहीत नाही का? अठ्ठावीस वर्षं मी आवाज ऐकण्याचा पगार घेतो. पंप तयार होऊन चाचणीला लागला की मी बेअरिंगच्या घरावर स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि सांगतो, हा जाऊ दे, हा खोल. पुण्याहून आलेली इंजिनिअर मंडळी त्यांचं ते आकडे दाखवणारं यंत्र लावतात आणि शेवटी म्हणतात, पाटीलसाहेब, तुम्ही एकदा ऐका. अख्ख्या कारखान्यात माझ्या कानाला मान आहे. आणि माझा सख्खा भाऊ आयुष्यातलं सगळ्यात मोठं मशिन घ्यायला निघाला, तर बरोबर कोण, तर हा मिशीवाला! संध्याकाळपर्यंत मी तो फोटो पाच-सहा वेळा तरी उघडला असेल. दोन बोटांनी ताणून मोठा केला. तो हात मोठा झाला, त्यातली चांदीची अंगठी दिसली, नखातलं ग्रीस दिसलं. ग्रीस दिसल्यावर तर मला जास्तच लागलं. म्हणजे गडी मशिनमधला होता.

घरी आल्यावर चंदनबालाला, माझ्या बायकोला, फोटो दाखवला. ती म्हणाली, "कृष्णात तो. रूपाली सांगत होती मागं. उंब्रजकडचा ड्रायव्हर आहे, पंजाबवाल्यांच्या हार्वेस्टरवर पार मध्य प्रदेशापर्यंत जाऊन आलाय. दोन वर्षं झाली, सारखा येतो म्हणे आष्ट्याला." दोन वर्षं! बायकांना माहीत, आईला माहीत, आणि मला नाही. मी म्हटलं, "ड्रायव्हरला काय कळतं मशिनमधलं? चालवणं वेगळं आणि ओळखणं वेगळं." तिनं माझ्याकडं बघितलं. विश्रामबागेतल्या आमच्या दोन खोल्यांत तिच्या नजरेपासून लपायला जागा नाही. "अहो, तुमच्या पोटात दुखतंय," ती म्हणाली आणि भाजी निवडायला बसली.

दुखत होतं, खोटं कशाला बोलू? आणि ते आजचं नव्हतं. भरतेश माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. मी त्याला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत नेलेलं आहे, विहिरीत कमरेला दोर बांधून पोहायला शिकवलेलं आहे. आमच्या विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं. ते बिघडलं की मी चौदा वर्षांचा असताना ते खोलायचो, आणि हा हातात पाना धरून समोर उकिडवा बसायचा आणि विचारायचा, "दादा, आता काय म्हणतंय रं इंजिन?" मी म्हणायचो, "म्हणतंय, भूक लागलीय." तो खिदळायचा. मग मी आयटीआय केलं, सांगलीला नोकरी लागली, आणि सगळे म्हणाले, मदननं नाव काढलं. नाव माझं निघालं आणि बाकी सगळं त्याच्याकडं राहिलं. साडेचार एकर त्याच्याकडं, आई त्याच्याकडं, आप्पा, आमचे वडील, शेवटी अंथरुणावर होते तेही त्याच्याकडं. मी दर रविवारी फळं घेऊन जायचो आणि पाहुण्यासारखा खुर्चीवर बसायचो. आप्पांना कूस वळवायची असली की ते भरतेशला हाक मारायचे. मी शेजारी बसलेला असलो तरी. मला जमीन नको होती, आजही नको. मला ती हाक पाहिजे होती. पण हे कोणाला सांगणार? पन्नाशी ओलांडलेल्या माणसानं असलं बोलायचं म्हणजे हसूच व्हायचं.

त्या आठवड्यात आमचं जैनांचं दशलक्षण पर्व सुरू झालं. दहा दिवस एकेका धर्माचे, क्षमा, मार्दव, आर्जव असे, आणि ते संपले की क्षमावणी, म्हणजे वर्षभरात ज्याचं ज्याचं मन दुखावलं असेल त्याची हात जोडून माफी मागायची. चंदनबाला एकच वेळ जेवत होती. शनिवारी भरतेशचा फोन आला. "दादा, उद्या मोकळा हायस का? उंब्रजला येतोस? मशिन बघायची हाय परत." मी जरा ताणून म्हटलं, "बघितलीस की तू. फोटो आला होता." तो म्हणाला, "व्हय, पर कृष्णात म्हणाला, तुझ्या दादास्नी एकदा दाखवूया." माझ्या मनात आनंदाचं जे काय थोडं उगवलं होतं ते तिथंच करपलं. कृष्णात म्हणाला! म्हणजे माझ्या भावाकडं जायची शिफारस आता मला तो देणार. तरी मी गेलो. न जाऊन सांगतो कोणाला?

रविवारी सकाळी भरतेशनं मला सांगलीतून घेतलं. त्याच्या जुन्या गाडीत मी पुढं बसलो. आष्टा, पेठ नाका, मग हायवे, आणि तेवढा दीड तास फार बरा गेला. त्यानं मला सगळं सांगितलं. सोयाबीन पिवळी पडायला लागली की गावात मजूर मिळत नाही, बाहेरचे हार्वेस्टर येतात ते मोठ्या रानांवर जातात, आणि दोन-चार एकरवाल्याकडं येईपर्यंत शेंगा फुटून दाणे मातीत. म्हणून छोटं, परवडणारं, वापरलेलं मशिन घ्यायचं, स्वतःचं काढायचं आणि आसपासच्या लहान रानांचंही काढून द्यायचं. "नवं आपल्या आवाक्यात न्हाई, दादा. पर जुनं घ्यायचं म्हंजी डोळं उघडं ठेवून." मी म्हटलं, "आणि कान." तो हसला, आधी डोळे मिटले. मला वाटलं, चला, आपण उगाच मनाला लावून घेतलं. तेवढ्यात कराड आलं. नाक्यावर तो कृष्णात उभा. भरतेशनं गाडी थांबवली आणि अगदी सहज म्हणाला, "दादा, तू जरा मागं बसतोस? कृष्णातला रस्ता ठाव हाय."

कराड ते उंब्रज! डोळे बांधून सोडलं तरी शेळीसुद्धा जाईल असा सरळ हायवे. पण मी उतरलो, दार लावलं आणि मागं बसलो. कृष्णात म्हणाला, "आवं दादा, बसा की तुमी म्होरं, मी बसतो मागं." मी म्हटलं, "नको, मला मागंच बरं वाटतं." आणि मग अर्धा तास त्या दोघांची डोकी बघत बसलो. ते काय बोलत होते? काही नाही. कोणाचा ट्रॅक्टर रुतला, कोणी सासऱ्याला फसवलं. पण भरतेशचं बोलणं माझ्याशी बोलताना जरा सावरून येतं, तिथं ते पाण्यासारखं वाहत होतं. मध्येच कृष्णातनं पिशवीतनं डबा काढून त्याच्यापुढं धरला. "घे गड्या, कांदा न्हाई घातल्याला. कारभारणीला सांगूनच केलंत पोहं, तुमचं पर्व हाय म्हणून." मी सकाळी निघताना भावासाठी काय घेतलं होतं? पाण्याची बाटली, आणि तीसुद्धा माझ्यासाठी. कृष्णातनं डबा मागं माझ्याकडंही दिला. पोहे चांगले झाले होते, हे मी मनातल्या मनातसुद्धा कबूल करायला तयार नव्हतो.

मशिनं विकणाऱ्याचं नाव नानासो. हायवेच्या कडेला पत्र्याचं शेड, मागं मोकळी जागा, तिथं तीन हार्वेस्टर उभे. एक मोठा, चौदा फुटी कटरचा, तो आमच्या पाणंदीतून वळलाच नसता. दुसरा ट्रॅक्टरवर बसवायचा, स्वस्त होता, पण एकदा बसवला की हंगामभर ट्रॅक्टर त्यातच अडकून राहणार. तिसरा तो फोटोतला, सात फुटी कटरचा, रबरी पट्ट्यांवर चालणारा, लहान रानाला अगदी बेताचा. मीही तोच निवडला असता. नानासो म्हणाला, "अकराशे तास चाललीया निस्ती. मीटर बघा." मी बोलायच्या आत कृष्णात सीटपुढं पाय ठेवायच्या जागी वाकला आणि म्हणाला, "नाना, मीटर र्‍हाऊ द्या. ह्या पॅडलचं रबर बघा, पार लोखंड दिसतंय. अकराशे तासात रबर असं झिजतंय व्हय?" नानासो हसून बाजूला बघायला लागला. भरतेशनं माझ्याकडं बघितलं नाही, कृष्णातकडं बघितलं, आणि त्याच्या डोळ्यांत जे होतं ते मी ओळखतो. ते एकेकाळी विहिरीवर माझ्याकडं बघायचं. पॅडल मीही बघितलं होतं. शपथेवर सांगतो, आधी मीच बघितलं होतं.

मग मशिन चालू केलं. भरतेश म्हणाला, "दादा, ऐकतोस?" मी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला. मळणीचा ड्रम ज्या शाफ्टवर फिरतो तिच्या टोकाच्या बेअरिंगवर मी टोक टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. आधी इंजिनाची घरघर, मग पट्ट्याची सळसळ, मग त्यांच्या खाली उतरत गेलं की ड्रमचा स्वतःचा आवाज, आणि त्यात, दर फेऱ्याला एकदा, टक्. मी ड्रमची गती कमी करायला सांगितली. टक् हळू झाला. वाढवायला सांगितली. टक् वाढला. बेअरिंग नवं घातलेलं होतं, नवं आणि ग्रीसनं चोपडलेलं, म्हणजे कोणीतरी दुखणं झाकलं होतं. दुखणं शाफ्टला होतं. बेअरिंग बसतं त्या जागी ती झिजली होती, आणि अशी शाफ्ट उभ्या मशिनवर गपगुमान फिरते, पण रानात ओझं पडलं, तास-दोन तास चाललं, की तापते. आजूबाजूला सोयाबीनचा वाळलेला भुसा. मी कारखान्यात तापून लाल झालेलं बेअरिंग बघितलेलं आहे. चालवणारा वर बसलेला असतो, त्याला खाली काय पेटलंय ते धूर आल्यावरच कळतं.

हे सगळं मला डोळे मिटलेले असतानाच कळलं. उघडले तर समोर भरतेश, आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून कृष्णात. दोघंही माझ्या तोंडाकडं बघत होते. आणि त्या क्षणी मला जे वाटलं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. मला वाटलं, घे की मग. ह्याच्या जिवावर घेतोयस ना, ह्याला रस्ता ठाव हाय ना, घे. पुढं बसव त्याला. हंगामात मशिन बंद पडू दे, गाव हसू दे, मग कळेल घरचा कोण आणि बाहेरचा कोण. पेटण्याचं माझ्या मनात आलं नव्हतं असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. आलं होतं. मी ते बाजूला सारलं, इतकं काही होत नाही म्हणून. नानासोनं विचारलं, "काय साहेब? काय म्हणत्यात कान?" मी स्क्रू ड्रायव्हर पुसला, खिशात ठेवला आणि म्हणालो, "चहा सांगा."

मी खोटं बोललो नाही, हे मी नंतर स्वतःला किती वेळा सांगितलं असेल! चांगलं आहे म्हणालो नाही, घ्या म्हणालो नाही. चहा सांगा म्हणालो. चहा आला, आम्ही प्यायलो, कृष्णात मात्र कप हातात धरून दोन-तीनदा त्या बेअरिंगकडं जाऊन वाकला, आणि मला वाटलं, वाक बाबा, तुझ्या बापाला कळायचं नाही ते. चार वाजायला आले तसा तोच म्हणाला, "चला, निघूया. दिवस मावळायच्या आत भरतेशला जेवायचं असतंय." माझा भाऊ सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाही, मी सांगलीत राहून ते केव्हाच सोडलं. येताना मी आपण होऊन मागं बसलो.

पुढचे दिवस मी फोनची वाट बघत काढले. मनाशी ठरवलं होतं, त्यानं एकदा, फक्त एकदा विचारलं, दादा तुला काय वाटतं, की सगळं सांगून टाकायचं. मला विचारावं लागेल एवढीच माझी अट होती. अट कोणाला? ज्याला ती माहीतच नाही त्याला. कारखान्यात पंपाला कान लावला की मला त्यात तो टक् ऐकू यायचा, चांगले चार पंप मी खोलायला लावले आणि चारही बिनदोष निघाले. साहेब म्हणाले, "पाटील, सुट्टी घ्या दोन दिवस." मंदिरात पंडितजी आर्जवावर बोलत होते, आर्जव म्हणजे सरळपणा, मनात एक आणि तोंडात एक नको. मी बसल्या जागी हिशेब करत होतो की माझ्या तोंडात तर काहीच नव्हतं, मग वाकडेपणा कुठला? चंदनबालानं रात्री विचारलं, "मशिनचं काय झालं?" मी म्हटलं, "मला काय माहीत, त्याच्या दोस्ताला विचार." ती म्हणाली, "तुम्ही सांगितलंत ना नीट, काय ते?" मी कुशीवर वळलो. एकदा मात्र मीच फोन केला. भरतेशनं उचलला, मागून कृष्णातचं मोठ्यानं बोलणं ऐकू येत होतं. मी आईची तब्येत विचारली आणि ठेवला. मागून त्या दोघांचं काय चाललं होतं, भांडण की मस्करी, ते मला कळलं नाही. मी मस्करीच समजलो.

पर्व संपायच्या आदल्या दिवशी ग्रुपवर फोटो आला. आष्ट्याच्या आमच्या दारात ते पिवळं मशिन, त्याला झेंडूचा हार, आई कुंकू लावतेय, रूपाली ताट धरून उभी, आणि त्यांची मुलगी ब्राह्मी सीटवर बसलेली. खाली, 'घेतली.' मी फोटोत कृष्णातला शोधलं. तो नव्हता. अंगठा टाकायला बोट गेलं आणि थांबलं.

क्षमावणीच्या दिवशी सकाळी भरतेश आला. दरवर्षी तोच येतो, मी थोरला म्हणून. पांढरा सदरा, कपाळाला गंध, हातात आईनं दिलेली लाडवांची पिशवी. आत येऊन तो माझ्या पाया पडला आणि हात जोडून म्हणाला, "दादा, वर्षभरात कळत-नकळत तुझं मन दुखावलं असंल तर उत्तम क्षमा." मीही सवयीनं म्हणालो, "उत्तम क्षमा." आत चंदनबालालाही तो तेच म्हणाला. मग बाहेर येऊन बसला. चेहरा उतरलेला वाटला. म्हणाला, "उद्यापासनं सोयाबीनला लावतोय मशिन. वरच्या तुकड्यापासनं." मी विचारलं, "ड्रायव्हर कोण? कृष्णातच ना?"

"न्हाई. मीच बसणार हाय. कृष्णात येत न्हाई आता."

"का?"

तो जरा वेळ बोटं मोडत बसला. "तू ऐकलंस की मशिन, त्यादिवशी. त्याच्या आधीच्या खेपंला कृष्णात म्हणला हुता, ड्रमात कायतरी वाजतंय, मला नक्की कळंना, तुझ्या दादास्नी दाखव, त्यांचा कान मोठा. म्हणून तर तुला न्हेला. तू काय बोलला न्हाईस. आप्पा बैल बघायला जायचे तवा काय करायचे? खोट असली तर बोलायचे, न्हाईतर च्या मागायचे. मी म्हणलं, झालं, घ्यायची. तर हा आठवडाभर माझ्या मागं, आवाज हाय गड्या, घेऊ नको, आवाज हाय. शेवटी मी चिडलो. म्हणलं, माझ्या भावानं कान लावून ऐकलंय. त्याच्या कानावर शंका घेत असशील तर माझ्या दारात येऊ नको. गेला. दोन वर्षांत पहिल्यांदा लागंल असं बोललो त्याला." आणि तो माझ्याकडं बघून हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "जाऊ दे. बाहेरचा त्यो बाहेरचाच."

मला जे पाहिजे होतं ते सगळं माझ्या पुढ्यात आणून ठेवलं होतं त्यानं. ह्या वाक्याचा शब्द न् शब्द मीच मनात लिहून ठेवला होता, आणि तो त्याच्या तोंडून आला. माझ्या एका गप्प बसण्यासाठी त्यानं आपला माणूस तोडला होता. आणि उद्या तो स्वतः त्या ड्रमवर बसणार होता, वाळलेल्या सोयाबीनमध्ये. पण मन किती हलकट असतं बघा. त्याही वेळी मला एक वाट सुचली. म्हणायचं, भरतेश, आज येतो मी आष्ट्याला, लावायच्या आधी एकदा बघतो. जायचं, कान लावायचा, दचकायचं, अरे हे काय, त्यादिवशी हा आवाज नव्हता! शाफ्ट मी स्वतः काढायची, आमच्या टूलरूममध्ये नवी करून घ्यायची, आणि भाऊ माझ्यासमोर पाना धरून बसेल. कोणाचं काही बिघडणार नाही. तोंडापर्यंत आलंही. म्हणालोसुद्धा, "भरतेश, मी आज येतो, एकदा बघतो परत."

त्याचा चेहरा उजळला. "ये की! तू बघितलीस म्हंजी काळजीच न्हाई."

त्या उजळलेल्या चेहऱ्याकडं मला बघवेना. मी म्हणालो, "आवाज हाय."

"कसला?"

"ड्रमाच्या शाफ्टीला. झिजलीया ती. कृष्णात म्हणतोय ते खरं हाय." कित्येक वर्षांनी माझ्या तोंडात घरची बोली आली होती. "उद्या लावू नकोस. तापून पेट घेईल."

"तुला कवा कळलं?"

"तवाच."

"च्या सांगा म्हणलास, तवा?"

"व्हय, तवाच."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. भरतेशनं का, असं विचारलं नाही, आणि माझी सगळी उत्तरं, सीट, फोटो, पोहे, आप्पांची हाक, तशीच राहून गेली. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, रडलोही असतो कदाचित. तो फक्त बघत होता, माणूस गर्दीत कोणाला तरी ओळखीचा समजून थांबतो आणि मग तो दुसराच निघतो, तसं. मग त्यानं मोबाईल काढला, उठला आणि खिडकीपाशी गेला.

"कृष्णात? मी बोलतोय. ठेवू नको गड्या, ऐक." "आज आमची क्षमावणी असतीया. कळत-नकळत... न्हाई रं, कळूनच बोललो तुला मी. चुकलो. तुझं खरं हुतं. ड्रमात आवाज हाय." पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं चाललं. भरतेशनं बाहीनं डोळे पुसले, आणि पुसता पुसता हसला. आधी डोळे मिटले. "ये मग. जेवायला थांबतो. दिवस मावळायच्या आत ये."

मी आत जाऊन पान्यांची पेटी काढली. ती जड आहे, दोन्ही हातांनी उचलावी लागते. बाहेर आलो तर तो चपला घालत होता. म्हटलं, "मी येतो. शाफ्ट काढायला दोघं लागतात."

"नको, दादा." रागानं नाही, अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाला. "कृष्णात हाय."

तो जिना उतरायला लागला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की सकाळी त्यानं क्षमा मागितली होती, मी नुसतं उत्तर दिलं होतं. मी पेटी तशीच हातात धरून कठड्यापाशी गेलो आणि वाकून ओरडलो, "भरतेश! उत्तम क्षमा!"

"उत्तम क्षमा," तो खालून म्हणाला. मान वर केली, हातही जोडले. मग गेटपाशी त्याला खालच्या मजल्यावरचे मगदूमकाका भेटले. त्यांनाही तो हात जोडून तेच म्हणाला, त्याच आवाजात, आणि गाडीत बसला.